हँड शॉवर घ्यायचाय? आधी बादली भरून बघा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं सॅनिटरी सामानाचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. आता काउंटरला मी असते. ("भाऊ नाहीत का?" हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. तो खाली घेतलेला नाही.) हँड शॉवर घ्यायला येणारी दहापैकी आठ माणसं भिंतीवर लावलेले नमुने बघून बोट दाखवतात आणि महिन्याभरात "पाणीच येत नाही हो ताई" म्हणून परत येतात. शॉवर बहुतेक वेळा ठीकच असतो, घरातल्या पाण्याचा हिशोब केलेला नसतो. म्हणून तेच तेच प्रश्न एकदा लिहून ठेवते आहे.

हँड शॉवर, टेलिफोन शॉवर आणि हेल्थ फॉसेट एकच का?

पहिले दोन एकच. नळाच्या डोक्यावर जुन्या फोनच्या रिसीव्हरसारखा आडवा ठेवतात, म्हणून प्लंबर त्याला टेलिफोन शॉवर म्हणतात. ज्यावर तो ठेवतात तो आकडा म्हणजे क्रच. हेल्थ फॉसेट म्हणजे कमोडशेजारची जेटची पिचकारी. तिला खटका असतो, धार टोकदार असते आणि ती आंघोळीसाठी नाही. "तीच नळी याला लावू का?" असंही विचारतात. आटे जुळतात, पण लावू नका. कमोडशेजारच्या नळीची लांबी आंघोळीला पुरत नाही आणि ती कुठे कुठे लोंबकळलेली असते ते तुम्हालाच माहीत.

सगळ्यात चांगला हँड शॉवर कुठला?

तुमच्या पाण्याला चालेल तो. हे टाळाटाळीचं उत्तर वाटेल, म्हणून करून बघण्यासारखी गोष्ट सांगते.

सध्याचा शॉवर फिरवून काढा. त्या उघड्या पाइपाखाली २० लिटरची बादली धरा, कॉक पूर्ण सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. बादली दोन मिनिटांच्या आत भरली तर मिनिटाला १० लिटरच्या वर पाणी आहे. मग दुकानातला जवळपास कुठलाही शॉवर घ्या. तीन मिनिटं लागली तर मिनिटाला साडेसहा-सात लिटर. इथे निवड जपून करायला हवी. चार मिनिटांच्या वर गेलात तर मोठ्या ताटलीचे, सात प्रकारच्या धारांचे शॉवर विसरा. शॉवर बसवल्यावर पाणी उघड्या पाइपापेक्षा कमीच होणार, वाढणार नाही.

ही चाचणी सकाळी सात-आठला करा. दुपारी तीनला सगळ्यांच्याच घरी फोर्स असतो.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. पाण्याला फोर्सच नाही. काय करू?

लोकांना वाटतं टाकी जवळ म्हणजे पाणी जोरात. उलट आहे. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा जोर फक्त उंचीवर ठरतो. १० मीटर उंचीचं पाणी साधारण १ बार (बार हे दाब मोजायचं एकक) दाब देतं. वरच्या मजल्यावर टाकीतल्या पाण्याची पातळी आणि तुमच्या डोक्यावरचा शॉवर यांत फार तर तीन मीटरचं अंतर, म्हणजे ०.३ बार. प्रत्येक मजला खाली गेलं की साधारण तेवढाच दाब वाढत जातो. म्हणून पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या बाथरूमचं कौतुक ऐकून तुम्ही तोच शॉवर आणलात तर तुमच्याकडे तीर्थ दिल्यासारखं पाणी येईल.

आमच्याच घरी हे झालंय. आम्ही चौथ्या मजल्यावर, वर गच्ची. दुकानातला आठ इंची ताटलीचा, चकचकीत शॉवर मोठ्या हौसेने घरी नेला. पहिल्या दिवशी नवरा आत गेला आणि दोन मिनिटांनी आतून आवाज, "अगं, तांब्या दे." कडेच्या भोकांतून नुसते थेंब, मधून चार धारा. तो शॉवर अजून माळ्यावर आहे.

हँड शॉवरचा खरा फायदा इथेच आहे आणि तो कोणी सांगत नाही. डोक्यावरचा शॉवर सव्वादोन मीटरवर. हातातला शॉवर छातीशी, सव्वा मीटरवर धरला की टाकीपासूनचं अंतर मीटरभर वाढलं. ०.३ चा दाब ०.४ झाला, म्हणजे एक तृतीयांश जास्त. स्टुलावर बसून आंघोळ केलीत तर त्याहून बरं. वरच्या मजल्यासाठी लहान तोंडाचा, एकाच प्रकारच्या धारेचा हँड शॉवर घ्या. खोक्यावर 'किमान दाब' लिहिलेला असेल तर तो वाचा. १ बार लिहिलं असेल तर ते खोकं खाली ठेवा.

आणखी एक. शॉवरच्या दांड्यात, जिथे नळी जोडतो तिथे, बरेचदा बटणाएवढी प्लास्टिकची चकती असते. पाणी वाचावं म्हणून ती मुद्दाम वाट अरुंद करते. अमेरिकेत शॉवरमधून मिनिटाला २.५ गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटरच्या वर पाणी जाऊ नये असा १९९२ चा कायदा आहे. तिथे नळाला दाब भरपूर, त्यामुळे चकती शोभते. आपल्या ०.३ बारला ती काढलेली बरी. टाचणीने सहज निघते. गाळ अडवणारी जाळी मात्र काढू नका.

खोक्यावर 'हाय प्रेशर' लिहिलंय. तो घेतला तर?

शॉवर दाब तयार करत नाही. भोकं बारीक करून तो त्याच पाण्याची धार टोचरी करतो, बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबल्यासारखं. मधल्या मजल्यांवर ते छान वाटतं. जिथे मुळात दाब नाही तिथे बारीक भोकांनी पाणी आणखी कमी होतं. आत फिरणारा पंखा, रंगीत गोळ्या, एलईडी दिवे यांबद्दल माझं मत विचाराल तर ती जत्रेतली खेळणी आहेत. गोळ्यांनी पाणी 'मिनरल' होतं यावर विश्वास ठेवू नका. तीन महिन्यांनी त्याच गोळ्यांवर शेवाळासारखा बुळबुळीत थर बघितलाय.

मग पंपच बसवू का?

बसवता येतो, पण गच्चीच्या टाकीकडून तुमच्या घरात येणाऱ्या लाइनवर, आणि सोसायटीला विचारून. महापालिकेच्या लाइनवर थेट पंप लावून पाणी ओढायला परवानगी नसते. पंप घेण्याआधी जुन्या लोखंडी पाइपात गंज साचलाय का, अँगल कॉक अर्धवट बंद आहे का, हे बघून घ्या. यातच निम्मे प्रश्न सुटतात.

पाच फ्लो (धारांचे प्रकार) घेऊ की सात?

एक. फार तर तीन. पहिल्या आठवड्यात सगळे फिरवून बघतात, मग जन्मभर एकच राहतो. वर ती फिरणारी चकती क्षार बसून सगळ्यात आधी अडकते. धारा बदलणारा हँड शॉवर हान्सग्रोहे या जर्मन कंपनीने १९६८ मध्ये आणला, तेव्हा ते नवल होतं. आता नवल राहिलं नाही.

आमचा गीझर १५ लिटरचा आहे. शॉवरला पुरेल?

एका माणसाला, आटोपशीर आंघोळ असेल तर. हिशोब असा: गीझरमधलं पाणी ६० अंश, हिवाळ्यात नळाचं २०, आणि अंगावर घ्यायचं ४०. म्हणजे निम्मं-निम्मं मिसळायचं. १५ लिटरचं ३० लिटर झालं. मिनिटाला ९ लिटरचा शॉवर असेल तर सव्वातीन मिनिटांत गार पाणी सुरू, आणि तेव्हा तुमच्या डोक्याला फेस असतो. ६ लिटरचा शॉवर असेल तर पाच मिनिटं. २५ लिटरचा गीझर असेल तर त्याच ६ लिटरच्या शॉवरला आठ मिनिटांच्या वर. (हा कागदावरचा हिशोब, आत शिरणारं गार पाणी मिसळत असल्याने प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं.)

म्हणून 'जास्त पाणी म्हणजे चांगला शॉवर' हे समीकरण आपल्याकडच्या गीझरला परवडत नाही.

इन्स्टंट गीझर, गॅस गीझर, सोलर असेल तर?

३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर २० अंशांचं पाणी ४० वर नेऊन मिनिटाला सतत जेमतेम दोन लिटर देऊ शकतो. त्याच्यावर शॉवर चालवण्याचा हट्ट करू नका, बादली भरून घ्या.

गॅस गीझर पाणी वाहायला लागलं की पेटतो. फार बारीक भोकांच्या शॉवरने वाहणं कमी झालं की तो विझतो, आणि तुम्ही कुडकुडता. तो बाथरूमच्या आत असेल तर मात्र शॉवरचा विषय बाजूला ठेवा आणि आधी तो बाहेर, मोकळ्या हवेत हलवा. बंद बाथरूममध्ये त्याचा कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं गेली आहेत. त्याला वास नसतो.

सोलरवाल्या बंगल्यांत एक ठरलेली तक्रार असते: गार पाण्याला पंप आणि सोलरचं गरम पाणी नुसत्या उतारावर. मिक्सर (गार-गरम पाणी एकत्र करणारा नळ) उघडला की गार पाणी जोराने घुसतं आणि गरम येतच नाही. शॉवर बदलून काही होणार नाही. दोन्ही पाणी एकाच दाबाचं करून घ्या.

बोअरचं पाणी आहे. शॉवर सहा महिन्यांत बुजतो.

टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांतून हाच प्रश्न रोज. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा (पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं म्हटलंय. पाणी तापलं की त्यातला क्षार आणखी लवकर सुटतो, म्हणून गरम पाण्याच्या शॉवरला खडू जास्त.

अशा घरांनी रबरी टोकांचाच शॉवर घ्यावा. सिलिकॉनची मऊ टोकं बाहेर आलेली असतात. आठवड्यातून एकदा त्यावरून अंगठा जोरात फिरवला की पांढरे कण टपटप पडतात. दुकानात बघताना टोकं नखाने दाबून बघा, वाकली पाहिजेत. स्टीलच्या सपाट ताटलीला कोरलेली केसासारखी भोकं दिसायला देखणी, पण बोअरच्या पाण्याला ती घेऊ नका.

बुजलाच तर प्लास्टिकच्या पिशवीत पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी घाला, शॉवरचं तोंड त्यात बुडवून पिशवी रबरबँडने बांधा, अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासा आणि खळखळून धुवा. लिंबूसत्वही चालतं. रात्रभर ठेवू नका. आणि संडासाच्या फरशीचं ॲसिड कधीही नको. एक काकू शॉवर घेऊन आल्या होत्या, अर्धा चंदेरी आणि अर्धा पिवळट-काळा, कोड फुटल्यासारखा. "बाईने चकाचक करते म्हणून सांगितलं." क्रोम उडालं की परत येत नाही.

शॉवरला फिल्टर लावला तर केस गळणं थांबेल?

केसांचं डॉक्टरांना विचारा. पाण्याचं मी सांगते. शॉवरला लावायचा छोटा फिल्टर गाळ, गंज आणि काही प्रमाणात क्लोरिन अडवतो. तो पाणी मऊ करत नाही. त्यासाठी रेझिनची (क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांची) टाकी लागते आणि ती मिठाच्या पाण्याने वेळोवेळी धुवावी लागते. मुठीएवढ्या डबीत ते मावत नाही. शिवाय फिल्टरने दाब आणखी घटतो आणि त्याचं काडतूस बदलत राहावं लागतं. गढूळ पाणी येत असेल तर जरूर लावा.

प्लास्टिकचा घेऊ की पितळेचा?

हँड शॉवर चांगल्या एबीएस प्लास्टिकचाच घ्या, वर क्रोमचा मुलामा दिलेला. हातात धरायचा असल्यामुळे हलका हवा, गरम पाण्याने दांडा तापत नाही, आणि साबणाच्या हातातून सुटला तर फरशी फुटत नाही. पितळ हवं ते नळात, डायव्हर्टरमध्ये (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या खटक्यात) आणि नळीच्या दोन्ही टोकांच्या नटांत. पैसे तिथे घाला. सेट स्वस्त करायचा असला की बनवणारे पहिला हात नटांवर मारतात: चंदेरी प्लास्टिकचा नट, पान्याने एक आटा जास्त आवळला की तडकतो.

नळी किती लांब?

दीड मीटर. एक मीटरची नळी पाठीपर्यंत पोचत नाही, दोन मीटरची फरशीवर लोळते. बादलीत किंवा टबात बुडेल एवढी लोंबकळती ठेवूच नका. टाकीतलं पाणी गेलं की तेच साबणाचं पाणी उलट नळीत ओढलं जाऊ शकतं. स्टीलची नळी घेताना दोन्ही हातांत धरून ताणा आणि पिळा. कड्यांत फट दिसली तर आतली रबरी नळी लवकरच डोकं वर काढणार.

माझ्या नळाला बसेल का?

बहुतेक बसेल. आपल्याकडे हँड शॉवरच्या नळीचे आटे अर्धा इंची असतात. खरा प्रश्न नळ कुठला आहे हा. वॉल मिक्सर असेल आणि त्याला खाली किंवा बाजूला शॉवरचं तोंड असेल तर पाच मिनिटांचं काम. जुन्या घरांत गरम आणि गार असे दोन सुटे नळ असतात, तिथे नळी लावली तर एकतर भाजाल नाहीतर गारठाल. तिथे आधी वॉल मिक्सर हवा. भिंतीतल्या दोन तोंडांमधलं अंतर मोजा: मध्यापासून मध्यापर्यंत सहा इंचांच्या आसपास असेल तर भिंत न फोडता बसतो, कारण त्याचे पाय वाकडे असतात आणि थोडं इकडेतिकडे जुळवून घेतात.

नळीच्या नटात काळं रबरी वायसर असतं, गळती तेच थांबवतं. तिथे टेफलॉन टेपचे वेढे मारू नका. हाताने आवळा, पान्याने पाव फेरा, बस. टेप लागते ती भिंतीतल्या आट्यांना.

भाड्याचं घर आहे, भोक पाडता येत नाही.

मग डोक्यावरचा शॉवर काढा, त्याच दांडीला आकडा असलेला जोड बसवा, त्याला नळी आणि हँड शॉवर. घर सोडताना जुना परत लावून द्या. (जुना शॉवर टाकून देऊ नका, डिपॉझिट त्यातच अडकतं.) व्हॅक्यूमने चिकटणारे आकडे मी ठेवते, पण विकताना सांगते की रात्री दोन वाजता धाडकन आवाज आला तर चोर नाही, आकडा पडलाय.

आईबाबांसाठी हवा आहे.

हँड शॉवर सगळ्यात जास्त शोभतो तो इथे. एक उभी दांडी, तिच्यावर वर-खाली सरकणारा आकडा. खाली न घसरणारं स्टूल. आकडा बसल्या जागेवरून हात पोचेल अशा उंचीला, म्हणजे फरशीपासून साधारण चार फुटांवर आला पाहिजे. माझे सासरे पंचाहत्तरीनंतरही "मी काय आजारी आहे?" म्हणत स्टुलाला तयार नव्हते. हँड शॉवर आल्यावर स्टूल आपोआप आलं. आता पाठीवर गरम पाणी सोडून बसतात आणि गीझर रिकामा करतात.

पण ती सरकती दांडी धरून उठू द्यायचं नाही. ती शॉवरचं वजन पेलते, माणसाचं नाही. आधाराची दांडी वेगळी, जाड, पक्क्या भिंतीत लांब स्क्रूने बसवलेली. आणि भोक पाडण्याआधी एक बघा: नळापासून शॉवरपर्यंतचा पाइप बहुतेक वेळा सरळ वर गेलेला असतो. त्या रेषेत ड्रिल लावलंत तर आंघोळ सगळ्या घराची होईल. भिंतीच्या फरशीवर चिकटपट्टी लावून त्यावर खूण करा, बिट घसरत नाही. फरशी भेदली जाईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद.

शॉवरवर बंद-चालूचं बटण आहे. साबण लावताना तेच दाबून ठेवलं तर?

मिनिटभर ठीक. पण मिक्सर उघडा आणि पुढची वाट बंद, असं ठेवून बाहेर आलात तर दोन गोष्टी होतात. नळीवर सतत दाब राहून ती नटापाशी फुगते. आणि गार-गरम दोन्ही वाटा मिक्सरमध्ये एकमेकींना मिळालेल्या असल्यामुळे जास्त दाबाचं पाणी कमी दाबाच्या लाइनमध्ये शिरतं. मग स्वयंपाकघरात गार नळाला कोमट पाणी का येतं, याचा शोध दोन दिवस चालतो. आंघोळ झाली की नळ भिंतीशी बंद करायचा.

मला रोज केस धुवायचे नसतात.

मग तुम्ही डोक्यावरच्या शॉवरवर पैसे घालवूच नका. हा प्रश्न पुरुष गिऱ्हाइकांना पडत नाही आणि घर बांधताना बाथरूम ठरवतात बहुधा तेच. न्हाणं आठवड्यातून दोनदा, आंघोळ रोज. डोक्यावरून धो-धो पडणारा शॉवर असला की पाच दिवस टोपी घाला नाहीतर बादली घ्या. हँड शॉवर खांद्यापासून खाली चालतो आणि न्हायच्या दिवशी शिकेकाई मुळापासून निघेपर्यंत कानामागे, मानेवर हवा तिथे नेता येतो.

शॉवरने पाणी जास्त जातं ना?

बादलीची आंघोळ १५ ते २० लिटरमध्ये होते. ९ लिटरचा शॉवर पाच मिनिटं सोडला तर ४५ लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी गणित, त्यातला एक तृतीयांश एका आंघोळीत. साबणाच्या वेळी बंद केलात तर हँड शॉवर बादलीच्या जवळ येतो, खाली नाही. टँकरचे दिवस सुरू झाले की आम्ही घरी बादलीवरच असतो. शॉवर विकते म्हणून खोटं कशाला सांगू?

दुकानात येताना काय आणू?

नळाचा फोटो, समोरून आणि खालून. गीझर किती लिटरचा. बादलीला लागलेली मिनिटं. आणि जुनं वायसर हरवू नका. परवा एक आजी ते रुमालाच्या गाठीत बांधून घेऊन आल्या. गाठ सोडून त्यांनी ते काउंटरवर ठेवलं, म्हणाल्या, "हे एवढंच गेलंय बघ, शॉवर चांगला आहे." खरंच तेवढंच गेलं होतं.